मोटारीच्या आरशातला तुमचा कोपरा

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, हे आधीच सांगून टाकते. आपली कधी भेट झाली नाही. तुम्ही गेल्यावर वर्षाने मी यांची दुसरी बायको म्हणून या घरात आले आणि तुमची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात आला. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सगळं निमूट केलं. पण काल मोटारीतला आरसा पडला, आणि आज तुम्हाला लिहिल्यावाचून राहवत नाही.

परतवाड्याच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात आदळलं आणि समोरच्या काचेवरच्या लाकडी पट्टीतून आरसा निसटून यांच्या मांडीवर आला. मागचा रस्ता दिसावा म्हणून असतो ना तो? यांचा मात्र कायम मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्याकडे वळलेला. तुम्ही तिथे बसायचात. नवऱ्याशेजारी पुढे बसायची आपल्याकडे रीत नाही, पण आरशात तोंड तर दिसतं! आता तिथे संत्र्यांची टोपली असते आणि मी उजवीकडे, यांच्या पाठीमागे. आरसा पुसायला गेले तरी म्हणायचे, "त्याले हात नको लावू." बायको सोडून टोपली बघणारा नवरा तुम्ही पाहिलाय का कुठे?

जळले मी, ताई. टोपलीवरही जळले.

आज सकाळी हे बागेत गेल्यावर पेचकस घेऊन मोटारीत चढले. स्क्रूचं भोक सैल झालं होतं. त्यात आगकाड्या कोंबल्या आणि स्क्रू पिळून घट्ट केला. मग यांच्या जागेवर उशा रचून वर टोपी ठेवली. माझ्या जागेवरून आरशात टोपी दिसेपर्यंत पाच-सहा वेळा उतरले, चढले, आरसा वळवला.

दुपारी रेशनच्या पेट्रोलचं कुपन घेऊन आम्ही दोघं अमरावतीला निघालो. यांनी आरशात पाहिलं. मी पदर सारखा केला. फर्लांगभर गेल्यावर यांनी गाडी कडेला घेतली.

"हा काहून वळवला?"

"तिचं तोंड दिसे, आता माह्यं दिसू द्या."

यांनी इंजिन बंद केलं. मग समोर बघतच म्हणाले, "तिले दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. अमरावती जवळ आली म्हून जोरात हाकली. आरशात पाह्यलं तं तिनं मान टाकली होती. तुले त्यात पाह्याले मले भेव वाटते."

तुम्ही तापाने गेलात एवढंच मला सांगितलं होतं. या मोटारीत, त्या कोपऱ्यात, हे कुणीच बोललं नव्हतं. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, त्या रडण्यातही हेवा होताच. यांनी आरशात जीव लावून पाहिलं ते तुम्हालाच.

मी उतरले, पुढे जाऊन बसले आणि आरसा मागच्या रस्त्याकडे वळवून दिला. यांनी गाडी सुरू केली. बाजारात चार बायका टकमक बघत होत्या.

तेव्हा ताई, मागचा कोपरा तुमचाच राहू दे. मी यापुढे यांच्या शेजारी बसणार, गावाला काय म्हणायचं ते म्हणो. ही जागा तुम्हाला कधी मिळाली नाही याचं वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं. पण यांची भीती जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही, हे तुम्हाला वचन.

तुमच्या मागून आलेली,
गोदावरी