मूळपुरुष तेवढा सोडा

तीर्थरूप काकांना पुतणीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र लावता का, की ते कपाटावर ठेवून "हल्ली लोक हळू बोलतात" म्हणत दुसऱ्यांवर ओरडता? काकूंना म्हणावं पाठ शेका. झाली विचारपूस. आता हे पत्र बसून वाचा, आणि चहा आधी पिऊन घ्या, नंतर घशाखाली उतरायचा नाही.

तुमच्या नातीचं लग्न जमलं होतं. "होतं" लिहिलंय, नीट वाचा. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दर आठवड्याला आमच्याकडे एक शर्ट इस्त्रीला आणायचा आणि दर शर्टाचं एक बटण गेलेलं. बटणं लावायचं काम पोरीकडे. मला वाटायचं, धांदरट आहे बिचारा. (तो घरून कात्रीनं बटण कापून आणत होता हे मला सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.) पण मुलगा सरळ आहे, व्यसन नाही, उलट बोलत नाही. म्हटलं देव पावला, आता वेळ घालवू नका.

परवा त्यांची मंडळी बोलणी करायला आली. दुकानामागच्या खोलीत बसवली. ती खोली तुमच्या पायाखालची आहे: एका अंगाला इस्त्रीचं टेबल, दुसऱ्या अंगाला लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे, आणि छताला आपल्या मूळपुरुषाच्या गाडीच्या चाकाची ती लोखंडी धाव. (तिच्यावर मी हँगर अडकवते. तुम्हाला राग येतो, माहीत आहे, पण हँगर अडकवायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.) मुलाच्या आजोबांनी वर बघून विचारलं, हे काय आहे? इथे मी तोंड मिटून बसायला हवं होतं. पण तुम्ही लहानपणापासून जे माझ्या कानात ओतलंय ते कुठे जाणार! सांगून मोकळी झाले की या शहराला ज्याचं नाव आहे तो आमचा मूळपुरुष. निघाला होता भलतीकडे, या माळावर चाक मोडलं, धाव घरंगळत ओढ्यात गेली, आणि त्याची बायको खाली उतरून म्हणाली, मी आता इथून हलणार नाही, तुम्हाला जायचं तर खुशाल जा. तो गेलाही, आणि भूक लागल्यावर परत आला. झोपडी बांधली, येणारे-जाणारे "चला, त्याच्याकडे उतरू" म्हणायला लागले, त्याचंच नाव गावाला पडलं. तुम्ही काढता तसा बायकोचा आवाजसुद्धा काढला. वाटलं माणसं हसतील.

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "चाक मोडलं? आमच्या मूळपुरुषाचं चाक मोडलं?"

काका, तोच त्यांचाही निघाला! त्यांच्याकडे त्यानं म्हणे जमिनीला कान लावला, खाली पाणी वाहताना ऐकलं, तिथेच विहीर खणली आणि गाव वसवलं. पुरावा म्हणून एक पोचे आलेली तांब्याची घागर, आणि ती पिशवीत घालून बरोबर आणलेली. (लग्नाच्या बोलणीला घागर घेऊन कोण जातं, असं माझ्या मनात आलं. मग वर धावेकडे लक्ष गेलं आणि गप्प बसले.) फार वेळ गप्प नाही बसले. म्हटलं, जमिनीला कान लावून पाणी कळत असतं तर नळवाल्याला कोणी विचारलं असतं? तुमच्या जावयांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. दाबून काय होतंय! मी मूळपुरुषाच्या थोरल्या मुलापासून आपल्यापर्यंत सगळी उतरंड म्हणून दाखवली, आजोबांनी धाकट्यापासून त्यांच्यापर्यंत. आणि ती अशी काही जुळली की आजोबा विरघळले, म्हणजे आपण एकच घराणं की हो, म्हणत त्यांनी तुमच्या जावयांना मिठी मारली. (जावयांचा यात काडीचा संबंध नाही, तरी तेही गहिवरले.)

मुलाची आत्या तोवर बिस्किटं संपवत होती. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग ही दोघं भाऊबहीण झाली."

मी तिच्याकडे बघत राहिले; जळका वास आधी आला, चूक नंतर कळली. नगर कार्यालयाच्या साहेबांची पांढरी पँट टेबलावर होती आणि इस्त्री तिच्यावर. बैठकीवर होडीएवढा डाग. (बसले की दिसणार नाही, एवढाच दिलासा.) मी म्हटलं, अहो, इतक्या पिढ्या झाल्या, त्या माणसाची हाडंसुद्धा त्याला विसरली असतील, आणि पोरीचं नातं तर आईकडून, म्हणजे माझ्याकडून. आत्या म्हणते, रक्त ते रक्त. आणि काका, लेकीचा वंशही वंशच, हे जन्मभर कोण सांगत आलं? तुम्ही.

मुलाची आई तेवढी शहाणी आहे. निघताना दारात माझा हात धरून म्हणाली, कुणीतरी एका घरानं चारचौघांत त्या मूळपुरुषाला सोडलं तर आत्यांचं तोंड बंद होईल. आमचे मामंजी सोडणार नाहीत, अन्नपाणी सोडतील.

आणि नेमका याच रविवारी चौकात त्याच्या नावाचा दगड बसतोय. वंशातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्ची. तुमचं बोलावणं माझ्याकडे येऊन पडलंय, आजोबांनाही गेलंय. खुर्ची मात्र एकच. हा मान तुम्हाला कधी मिळतोय याची तुम्ही किती वर्षं वाट बघताय, ते मला सांगायला नको.

पोर तेव्हापासून बोलत नाही. काल एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं. संध्याकाळी मुलगा शर्ट ठेवून गेला. मी उलटासुलटा करून पाहिला. सगळी बटणं जागेवर. 

बाकी काही विशेष नाही. जिन्यावरून सांभाळून उतरत जा.

तुमची,
तोंडाळ पुतणी

ता. क. रविवारी या. खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर बसू नका, आणि सगळ्यांदेखत सांगा की आमची ऐकण्यात चूक झाली, आमचा माणूस मूळपुरुष नव्हता, त्याच्या गाडीची धाव बसवायला आलेला लोहार होता. मी सगळा विचार करून ठेवलाय, यात धावसुद्धा बसते. फक्त चाक मोडलं म्हणू नका, त्यांच्यात ते मोडत नाही. झिजलं म्हणा.

आणखी ता. क. येताना यंत्र घरीच ठेवा. आजोबा जमिनीला कान लावल्याचं भाषण करणार आहेत, ते तुम्ही ऐकलंत तर पोर जन्मभर बटणंच लावत बसेल.

शेवटचं. पोरीनं हे वाचलं आणि म्हणाली, आपल्या आजोबांना एवढं मोठं नको गं मागूस. म्हणून लिहिते. रविवारी सगळं उरकलं की माझ्याकडेच मुक्कामाला या. मागच्या खोलीत बसू, धावेवरचे हँगर मी काढून ठेवते. मग ती गोष्ट मला एकदा पहिल्यासारखी सांगा, चाक मोडल्यापासून, बायकोच्या आवाजासकट. मी दार लावून घेईन. तुमचा आवाज बघता खिडक्यासुद्धा.