कडवं संपेपर्यंत हलायचं नाही

४ जाने. १९८६, कारधा
बेबी व जावईबापू नागपूरहून आले. भिंतीवर सगळं गोत टांगलेलं पाहून बेबी म्हणाली, "बाबा, तुमचा नि आईचा सोबत एकही फोटो नाही!" खरंच नाही. मी सदा कॅमेऱ्यामागे. जावईबापूंनी खिशातून नवा कॅमेरा काढला, साबणाच्या डबीएवढा. "बाबाजी, यात काहीच करावं लागत नाही. बटन दाबलं की झालं." काहीच करायचं नसेल तर मजा कशाची?

५ जाने.
अंगणात फोटो. सवयीनं सौ.ला बजावलं, कडवं संपेपर्यंत हलायचं नाही. शाळेत तीस वर्षं फोटोसाठी पोरं याच हुकमावर उभी केली. तिसरीच्या पुस्तकातली नदीची कविता. कडवं संपलं की शटर. जावईबापूंना म्हणत होतो, ऊन पाठीशी घ्या, तेवढ्यात क्लिक. सौ. तरी श्वास रोखून उभी.
"झाला, आई."
"मंग मी काहून उभी हाय?"
सगळे हसले. तीही. मी मात्र बोट वर करून पुन्हा ऊन समजावत होतो. पुन्हा क्लिक.
बेबी म्हणते, जुना डबा आता शोकेसमधे ठेवा. डबा म्हणे! माझ्या कॅमेऱ्याचा कातडी भाता उघडला की कसा उठून बसल्यासारखा...

१९ जाने.
पोस्टानं रंगीत फोटो आला. मी बोट वर करून, तोंड उघडं. मास्तर तो मास्तर. पण सौ. हसतेय. पडलेल्या दाताची खिडकीसुद्धा दिसते. अडतीस वर्षं हिचे फोटो काढले, सगळ्यांत पुतळा. हसताना टिपावं हे मला सुचलंच नाही?
सौ.नं फोटो भिंतीवर लावला. "तुमचा कॅमेरा बुढा झाला जी. तुमच्यावानी."
लागलं. हसूही आलं.

२२ जाने.
कॅमेरा पिशवीत, सायकलनं पूल ओलांडून भंडारा. घड्याळवाले शेंडेजी. आपलं आपण शटर पाडणारी खटकी कित्येक वर्षं अडकलेली, म्हणून तर मी कधी फोटोत नाही. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. "मास्तर, याच्यात मराले हाय काय? स्प्रिंग हाय, दाते हायेत. आंग आखडलं, तेल पाह्यजे." जावईबापूंच्या कॅमेऱ्याचं विचारलं. "तो बिघडला त आणू नका. त्याले इस्क्रूच नाही!"
थेंबभर तेल. खटकी कुरकुरत सुटली. पुलावर सायकल थांबवून मोजलं. ओढल्यापासून शटर पडेपर्यंत बरोबर एक कडवं! खाली वैनगंगा, हातात कुरकुर. पुन्हा मोजलं. उगीच.
त्याच्या मापाचा रोल मात्र फोटोवाल्याच्या दुकानात नाही. "मागवतो, येईन त येईन." आतल्या रोलवर एकच फोटो शिल्लक.

२५ जाने.
सौ.ला घेऊन नदीच्या घाटावर गेलो, सकाळचं कोवळं ऊन. कॅमेरा स्टुलावर. खटकी ओढली, दुखऱ्या गुडघ्यांसकट धावलो, सौ.शेजारी उभा राहून कडवं सुरू केलं. तिसऱ्या ओळीवर अडकलो. मी! पुढची ओळ सौ.नं म्हटली. वळून पाहतच राहिलो. क्लिक.
"तुला पाठ?"
"शाळा घराले लागून. तीस वर्सं परसातून आयकून राहिली, पाठ नाही होईन काय?"
हललो. हुकूम मीच मोडला.

२८ जाने.
रोल नागपूरला पाठवला. महिना लागेल म्हणे. ती हसत होती, हे नक्की. रोलवर हसणं उतरलं की नुसत्या दोन पुसट सावल्या, कोण जाणे.
बेबीचं पत्र: शोकेस घेतली का? रंगीत फोटोशेजारी मी खिळा ठोकून ठेवलाय. सौ. म्हणते, "आधी फोटो येऊ द्या न जी!"
तोवर त्या खिळ्यावर कॅमेराच टांगला आहे.