चौऱ्याऐंशी ग्रॅम

सातपूर, नाशिक
१२ मे १९९७

पूजा,

आशीर्वाद लिहिण्याइतकी मी मोठी नाही आणि 'प्रिय' लिहायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून नुसतं नाव. इकडे सगळं ठीक. पाणी एक दिवसाआड येतं. आईचा गुडघा दुखतो, पण ती जिने चढायचे सोडत नाही. अप्पा सकाळी क्लबमध्ये, संध्याकाळी क्लबमध्ये. पुण्याला तुझ्या होस्टेलचं जेवण सुधारलं का, हे आईने विचारायला सांगितलं आहे.

तुझं पार्सल शनिवारी मिळालं. बॅट पडली आणि तडकली असं तू लिहिलंस. तडा मुठीपासून तिरका वर गेला आहे आणि एका बाजूची कड चेपली आहे. पडून असं होत नाही, टेबलावर आपटून होतं. अप्पांना मी पडली असंच सांगितलं आहे.

तू म्हणतेस तशी दुसरी बाजारात मिळणार नाही. मुंबईला दोन दुकानांत फोन केला, ते मॉडेल बंद होऊन चार वर्षं झाली. तुला अगदी हिच्यासारखीच हवी असेल तर बनवून घेणं हा एकच मार्ग आहे. आमच्या कारखान्यात रंगनाथ मिस्तरी आहेत. मूळचे घोटीकडचे. ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो, त्याचा साचा वाळूत उठवतात आणि मग त्यात धातू ओततात. ते लाकडी नमुने मिस्तरी तीस वर्षं करत आहेत. पंपाच्या आतली पाती ते हाताने अशी घासतात की मशीनला जमणार नाही. टेबल टेनिस त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण त्याची गरज नाही. नकाशा मी काढीन.

रबर काढून मोजमापं घेतली. पात्याची लांबी १५७ मिलिमीटर, रुंदी १५०, जाडी ५.८, मूठ १००. पाच थर. वजन ८४ ग्रॅम, कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर.

एकोणीस जुलैच्या ट्रायलला वेळ आहे. जागा एकच आहे हे अप्पांनी मला चारदा सांगितलं. मुलींसाठी खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेची पक्की नोकरी, हे ते गल्लीतल्या दूधवाल्यालाही सांगून आले आहेत. वर 'बॅटची काळजी नको, स्नेहल करवून घेतेय' असंही.

तुझी,
स्नेहल


सातपूर
९ जून १९९७

पूजा,

सोबत ब्लेड, म्हणजे बॅटचं नुसतं लाकूड, आहे. तुझी जुनी रबरं लावू नकोस, नवी लाव.

मिस्तरींनी लाकूड स्वतः निवडलं. मी सागाचं म्हटलं तर हसले. "ताई, सागाची केली तर पोरगी बॅट फिरवंल का दरवाजा?" मग म्हणाले, "आमच्या घरी शिवणीची फळी हाय. वीस वर्सं माळ्यावर पडलेली. हलकी, आन आता वाकायची नाय." रविवारी जाऊन ती फळी एसटीतून घेऊन आले. मी तिचे तुकडे तोलून, तुझ्या जुन्या लाकडाच्या घनतेशी जुळणारे तेवढेच वेगळे काढले. थर चिकटवून आठ दिवस शिकंज्यात ठेवले. आकार करवतीने, कडा कानशीने, शेवटी वापरून वापरून झिजलेला पॉलिश पेपर. कामाची सुट्टी झाल्यावर ते रोज तासभर बसायचे.

सुरुवातीला त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, "हात बाईचा का बाप्याचा?" मी सांगितलं, बहिणीचा. "मंग तुमचाच हात दावा," म्हणाले. माझी बोटं तुझ्यापेक्षा जाड आहेत हे मी त्यांना सांगितलं. दुसरा प्रश्न कामाचा होता, त्याचंही उत्तर दिलं.

एक गोष्ट तुला माहीत असावी. मुठीच्या वर, जिथे अंगठा टेकतो, तिथली कड जुन्या लाकडात ०.८ मिलिमीटर खोल घासलेली आहे. ती तू घासलेली नाहीस. तू तेरा वर्षांची होतीस तेव्हा मूठ कानशीने खरवडलीस, 'हिला ताईच्या घामाचा वास येतो' म्हणून. सगळे हसले होते. पण अंगठ्याची जागा तुझ्याकडून राहून गेली. ती मी पंधराव्या वर्षी घासली होती, दोन महिने, रोज थोडी. नवीन लाकडातही ती करून घेतली आहे. तुझा अंगठा आठ वर्षं तिथेच बसतो आहे, आता बदलून चालणार नाही.

अप्पांनी ब्लेड पाहिलं. उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाले, "पोरीचा डिप्लोमा कामाला आला म्हणायचा."

तुझी,
स्नेहल


सातपूर
२७ जून १९९७

पूजा,

तुझं पत्र आणि एसटीडीवरून आईशी झालेलं बोलणं, दोन्ही पोचलं. बॅट जड वाटते आणि चेंडू लांब जातो असं म्हणतेस.

नवं लाकूड आहे. त्यात ओल असते, ती हवेप्रमाणे कमीजास्त होते. दोन आठवड्यांत हात बसेल. ट्रायल तीन आठवड्यांवर आली असताना बॅट बदलणं हे मी तरी करणार नाही. तिथे कुणाकडे वजन करत बसू नकोस. आकडे डोक्यात शिरले की मनगट बिघडतं.

अप्पा म्हणतात, लाकडाला दोष देणारे खेळाडू त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत.

सराव कर.

स्नेहल


सातपूर
९ डिसेंबर १९९७

सौ. पूजास,

हे तुला सायखेड्याला येणारं माझं पहिलं पत्र. रजिस्टर केलं आहे, म्हणजे पोस्टमन सही घेऊन तुझ्याच हातात देईल. लग्नाला आजचा धरून पाच दिवस झाले. घरात अजून अक्षता सापडतात. आई तुझ्या खोलीत झोपते. अप्पा क्लबमध्ये जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात, पण गुडघा आईचा दुखतो.

हळदीच्या दिवशी मी तुझ्या हाताला हळद लावत होते तेव्हा तू हळूच विचारलंस, "ताई, खरं सांग. माझ्यातच कमी होतं का गं?" मी "हो" म्हटलं. तू मान हलवलीस आणि दुसरा हात पुढे केलास.

ते उत्तर चूक होतं. बरोबर उत्तर लांब आहे, म्हणून लिहिते.

वितळलेला धातू थंड होताना आकसतो. पोलाद साधारण दोन टक्के. म्हणून नमुना करणारे मिस्तरी साधी पट्टी वापरत नाहीत. त्यांच्या पट्टीवर जिथे शंभर लिहिलेलं असतं तिथे प्रत्यक्षात एकशे दोन असतं. प्रत्येक माप आपोआप वाढतं, डोक्यात हिशेब करावा लागत नाही. जाडी मोजायचा कॅलिपरसुद्धा ते त्याच पट्टीवर उघडतात. तीस वर्षांत नमुना करताना मिस्तरींच्या हातात दुसरी पट्टी आलेली नाही. नकाशा माझ्या सहीचा असला की ते आकस धरूनच काम करतात, तसाच आमच्याकडे नियम आहे. तरी त्यांनी विचारलं. तो दुसरा प्रश्न. "ताई, कंची पट्टी धरू?"

मी म्हटलं, "हातात आहे तीच."

हे चुकून झालेलं नाही. ते कोपऱ्यातल्या खिळ्याकडे पाहत होते, तिथे साधी पट्टी टांगलेली असते. हात तिकडे अर्धा गेला होता. मी बोलल्यावर परत आला.

ब्लेड तयार झाल्यावर मी मोजलं. जाडी ५.९ च्या थोडी वर. वजन ८९ ग्रॅम. जाडी दोन टक्क्यांनी वाढली की कडकपणा सहा टक्क्यांनी वाढतो. चेंडू लवकर सुटतो आणि लांब पडतो. तुझ्यासारख्या टेबलाला चिकटून, हलक्या हाताने खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत साधारण दोन बोटं लांब. ट्रायलमध्ये नागपूरच्या मुलीविरुद्ध तिसऱ्या गेममध्ये, एकोणीस-एकोणीसला, तुझे दोन्ही चेंडू किती लांब गेले ते तू घरी आल्यावर आईला बोटांनी दाखवलंस. मी दारात उभी होते. अप्पा म्हणाले, "हातच गेला तिचा." तू पुन्हा बॅटचं नाव काढलं नाहीस.

ऑगस्टमध्ये मिस्तरींनी विचारलं, "लागला का नंबर?" मी नाही म्हटलं. म्हणाले, "बॅट दावा जरा." तू ती माळ्यावर टाकली होतीस, मी घेऊन गेले. त्यांनी खिळ्यावरची साधी पट्टी काढून लावली. लांबी, रुंदी, मूठ, एकेक करून मोजलं. मग म्हणाले, "ही तर आकसाची पट्टी लागली ताई. तुम्ही म्हनलात हातातलीच." मी म्हटलं, "माझ्या लक्षात आलं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय समजले ते मला ठाऊक नाही. पण म्हणाले ते असं, "तुमचं नाय, माझंच चुकलं. ज्याच्या हातात पट्टी त्यानं बघाया पायजे व्हतं."

उरलेल्या फळीतून त्यांनी दुसरी केली. साध्या पट्टीने. बारा सप्टेंबरला माझ्या टेबलावर आणून ठेवली, वर्तमानपत्रात गुंडाळून. "ही द्या तिला. म्हनावं, मिस्तरीचं चुकलं, तिचं नाय."

पुढच्या ट्रायलचा फॉर्म भरायची शेवटची तारीख तीस सप्टेंबर होती. फॉर्म तुझ्या उशीखाली होता, आईने मला दाखवला होता. तू रोज काढून बघायचीस आणि परत ठेवायचीस. अठरा दिवस होते. एकदा मी ती बॅट पिशवीत घालून घरी आणलीसुद्धा. तू ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होतीस. म्हणालीस, "ताई, सायखेड्याच्या स्थळाला हो कळवून टाक. माझ्याच्यानं आता नाही व्हायचं." मी पिशवी घेऊन आत गेले आणि ती कपाटात ठेवली. पुढच्या रविवारी बैठकीत तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, "खेळाचं काय?" तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "सोडलं." तुझे मनोजराव म्हणाले, "सोडलंच पाहिजे असं नाही, पण द्राक्षाच्या हंगामात जमायचं नाही," आणि सगळे हसले. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

मिस्तरी रोज विचारायचे, "पोचली का?" मी म्हटलं, पोचली. "काय म्हनली?" मी म्हटलं, बरी आहे म्हणाली. त्यांनी सगळ्या खात्याला चहा पाजला. लग्नाला ते धुतलेली टोपी घालून आले होते, तू त्यांना ओळखत नाहीस. तिसऱ्या पंगतीला बसवलेले, पांढऱ्या मिशांचे. त्यांना तुला एकदा विचारायचं होतं, हात बसला का. मी त्यांना सांगितलं, आज नवरीला काही विचारू नका, रडेल. जेवून, तुमच्या दोघांवर अक्षता टाकून गेले. ते कधीतरी तुला भेटतील आणि विचारतील. तेव्हा तुला अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून आकड्यांसह कळावं, म्हणून हे पत्र. पश्चात्ताप म्हणून नाही. तसं वाटलं असतं तर अठरा दिवस पुष्कळ होते.

का, हे तू विचारशील. जिल्ह्याच्या फायनलमध्ये तू मला हरवलंस तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ती बॅट अप्पांनी माझ्यासाठी सिंगापूरहून मागवली होती. हॉलमधली माणसं अजून खुर्च्यांवर होती. अप्पा म्हणाले, "दे ती तिला. तुला आता काय करायचीय? रबर तुझ्या हाताने काढ, तिला फाडता येणार नाही नीट." मी तिथेच बसून काढलं. गोंद निघत नव्हता, अंगठ्याने घासून काढला. तू समोर हात पुढे करून उभी होतीस. घाई होती तुला.

एवढंच आहे. लिहून काढल्यावर लहान दिसतं. मला ते कधी लहान वाटलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, तुझ्यात कमी नव्हतं. तू माझ्यापेक्षा नेहमीच चांगली खेळायचीस, तेराव्या वर्षीसुद्धा. एकोणीस जुलैला ८४ ग्रॅमची बॅट तुझ्या हातात असती तर आज तुझ्या नावापुढे सौ. नसतं, निदान या वर्षी नसतं. फॉर्म आता पुढच्या सप्टेंबरपर्यंत निघणार नाहीत. वयाची अट आहे, तू त्यात बसशील. सायखेड्यात टेबल कुठे मिळेल ते मला माहीत नाही.

मिस्तरींनी केलेली दुसरी बॅट अगदी बरोबर आहे. मी तीनदा मोजली. कामाची सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या हॉलमध्ये मी तिच्याने खेळते. बिलं लिहिणाऱ्या दीपकशी खेळते, तो ढेरी सावरत उभ्या उभ्या मारतो. अजून मी त्याच्याकडून एकही गेम जिंकलेला नाही. अंगठा बरोबर बसतो, चेंडू जाळीत जातो.

तरी ती मी तुला पाठवणार नाही.

तुझी (हा शब्द सवयीने लिहिला गेला),
स्नेहल