पालखीआधी काढलेल्या दाढा

२० फेब्रुवारी
खालच्या दोन्ही अक्कलदाढा आज एकदम काढून घेतल्या. आडव्या होत्या, हिरडीत रुतलेल्या. डॉ. समीक्षा म्हणाल्या, एकेक काढू, महिन्याच्या अंतराने. मी म्हटलं, वेळ नाही. ६ मार्चला देवाची पालखी सहाणेवर, गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, बसते. तिथे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. चाळीस वर्षं वडिलांनी, आप्पांनी, घातलं, आता त्यांना उभं राहवत नाही. यंदा मी. ऐन वेळी दाढ ठणकायला नको. याला प्लॅनिंग म्हणतात.
डॉक्टरांनी छापील कागद दिलाय. थुंकू नका, स्ट्रॉ नको, जोरात चूळ नको. बायकोने, योगिनीने, तो दोनदा मोठ्याने वाचला. मी काय अडाणी आहे?

२२ फेब्रुवारी, फाक पंचमी, शिमग्याचा पहिला दिवस
गाल टम्म. तरी होळीवर गेलो. पोरं पुचाट बोंबा मारत होती. राहवेना. तोंडावर हात मारून तीन खणखणीत ठोकल्या. बोंब मारू नका असं कागदात कुठेही नाही. योगिनीला दाखवलं. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

२५ फेब्रुवारी, सकाळी
कानापर्यंत कळ जाते. डॉक्टर म्हणतात, जखमेतली गुठळी निसटली, हाड उघडं पडलं. ड्राय सॉकेट. काय केलंत, विचारलं. काही नाही म्हटलं. योगिनीने सगळं सांगितलं, अभिनयासकट. बायको माझी की डॉक्टरची?
रत्नागिरीत दवाखाना थाटायचा आणि कागदात बोंबेचा उल्लेख नाही! शिकवतात काय यांना?

२७ फेब्रुवारी
तोंड एका बोटापुरतं उघडतं. खालचा ओठ बधिर. पेज हनुवटीवरून शर्टात गेली, पत्ता नाही. नस दुखावलीय म्हणे, काही आठवडे लागतील, कधी महिनेही. आधी सही घेतलेल्या फॉर्मवर हे होतं म्हणे. सही घाईत केली होती, ती धरता येणार नाही.
चुलतभाऊ मुकुल मुंबईहून आला. विचारतो, "दादा, मी तयारीत ऱ्हाऊ काय?" कागदावर ‘नाही’ लिहून दिलं. खाली तीन रेघा मारल्या.

२ मार्च
सराव. फोनवर रेकॉर्ड केला. फोनचा माईक बाद झालाय.
मग आप्पांसमोर घातलं. म्हणाले, "अरे, देवाला कळाय नको काय?" मी लिहिलं, देवाला सगळं कळतं. "मग गाऱ्हाणं कशाला घालायचं?" आप्पांचा इतका राग आजवर कधी आला नव्हता. ताट तसंच ठेवून उठलो. तशीही पेजच होती.

५ मार्च
निर्णय पक्का. उभा मीच राहणार. चार दिवसांत मुकुलचं तोंड फार चालायला लागलंय.

६ मार्च, दुपारी
पालखी बसली. नारळ माझ्या हातात. ढोल थांबले. "बा देवा" एवढं निघालं, त्यामागे लाळ. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. आप्पा काठी टेकत आले, माझ्या हातून नारळ घेतला आणि मुकुलकडे दिला.
मुकुलने झकास घातलं. कुठेही चुकला नाही, हलकट. शेवटी म्हणाला, "आणि बा म्हाराजा, आमच्या उन्मेषदादाच्या दाढंची काय इडापिडा असंल ती दूर कर, त्याचं तोंड उघडू दे!"
अख्खा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"
आप्पा माझ्याकडे बघत राहिले. होकार सगळ्यांनी द्यायचा असतो. मीही दिला. तेवढा मात्र स्पष्ट आला.