वरचा पुसट पट्टा

१२ नोव्हेंबर २०२५

पेप्टाइड आलं एकदाचं! चिमूटभर पांढरी पूड.

माझ्या पीएचडीच्या गाइडनी, सूर्यकांत सरांनी, सशांमध्ये तयार केलेली अँटिबॉडी अजून आमच्या फ्रीझरमध्ये आहे. प्रथिनाच्या ज्या तुकड्यावरून ती केली, तोच हा तुकडा. तो तिच्यात आधीच मिसळायचा. तिचे हात भरले, की खऱ्या प्रथिनाला धरायला ती मोकळी राहत नाही. मग प्रथिनं उमटवलेल्या कागदावरच्या दोन पट्ट्यांपैकी जो नाहीसा होतो तो खरा. राहिला तो भलत्यालाच चिकटलेला. सरांच्या वेळी सगळं पेप्टाइड सशांनाच टोचण्यात संपलं, ही परीक्षा राहूनच गेली.

१४ नोव्हेंबर

खालचा ठसठशीत पट्टा तसाच. वरचा पुसट गायब! नमुने उलटसुलट झाले असतील. पुन्हा करते.

१७ नोव्हेंबर

तेच. दुसरंच, संबंध नसलेलं पेप्टाइड घालूनही पाहिलं — दोन्ही पट्टे जागच्या जागी. म्हणजे माझा हात चुकलेला नाही. ज्या खालच्या पट्ट्यावर सरांचं नाव झालं, तोच खोटा.

दिवसभर जुनी डार्करूम आठवत राहिली. लाल दिवा, फिल्म धुतानाचा आंबट वास, ट्रेवर वाकलेली आमची तीन डोकी. पट्टा उमटला की सर खव्याची जलेबी मागवायचे. माझ्याबरोबर पीएचडी करणारा अनुपम मात्र वरच्या पुसट रेषेवर बोट ठेवायचा. 'सर, मला तर हाच खरा वाटून राहिला.' सर म्हणायचे, 'कचरा आहे तो. यामिनी, काप.' मग मी कात्री घेऊन फोटोची वरची कड उडवायचे. अगदी सरळ कापायचे. किती मजेत होतो आम्ही!

शेवटी त्यावरूनच सरांचं आणि अनुपमचं कडाक्याचं वाजलं. अनुपम पीएचडी अर्धवट टाकून नागपूरला निघून गेला. तिथे कोचिंग क्लासमध्ये शिकवतो, एवढंच कानावर आहे.

२० नोव्हेंबर

कांचघरला सरांच्या घरी गेले. पेप्टाइड न घालता आणि घालून काढलेले दोन्ही फोटो समोर ठेवले. वाटलं, चिडतील. बराच वेळ बघत बसले.

'दुसरं पेप्टाइड घालून पाहिलंस?'

'हो, सर.'

'अच्छा. मग तो पोरगा बरोबर होता.' चष्मा काढून डोळे पुसले. 'माझ्यापायी त्याची पीएचडी गेली, यामिनी. त्याला शोध. मला माफी मागायची आहे.'

'सर, काहून एवढं जिवाला लावून घेता?'

चहा तसाच राहिला. स्कूटरवर येताना मला रडू आलं.

२१ नोव्हेंबर

अनुपमचा नंबर मिळाला. आवाज अगदी तोच. पट्ट्याचं सांगितलं तर हसला. 'सरांना सांग, माफी कशाची? भांडण झालं नसतं तरी मी जाणारच होतो.'

'काहून?'

तो म्हणाला, 'त्या महिन्यात तुझं लग्न ठरलं होतं न.'