पाच पुतळे

सोमवार, ४ मार्च
आजही काही नाही. दिवसभर वणवण करून शंभरेक फोटो काढले, त्यात हसू येईल असा एक नाही. संपादकांचं म्हणणं, माझ्या ‘तिरपी नजर’ सदराला हल्ली कोणी हसत नाही. शनिवारच्या अंकात जमलं नाही तर ती जागा राशिभविष्याला. सतरा वर्षांचं सदर — आणि त्याच्या जागी वृषभ रास!

मंगळवार, ५ मार्च
कंगवे विकणारा टकलू दिसला. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत त्याने टोपी घातली. जीव थाऱ्यावर नाही.

बुधवार, ६ मार्च
मिळाला! बाजाराच्या टोकाला सुटांचं दुकान. काचेमागे पाच पुतळे, सगळ्यांना एकसारखे काळे सूट. चौघांचे चेहरे प्रसन्न, पाचव्याचा मात्र पंगत लांबल्यासारखा. उघड्या दाराशी एकजण काच पुसत होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला, पण खुदुखुदु हसत. म्हटलं, हसू दे, म्हणजे फोटो जमणार. संपादकांनीही लगेच पसंत केला. ओळ दिली: ‘पाच पुतळे, एक कंटाळलेला’.

गुरुवार, ७ मार्च
सकाळी बायकोला फोटो दाखवला. हसली नाही. जवळ धरून बघत राहिली.
“पुतळ्याच्या नाकावर चष्म्याचा वण असतो का?”
मग हळूच म्हणाली, “अहो, हे मोठे भावोजी आहेत.”

दादा! रोज आठला बॅग घेऊन कारखान्यात जाणारा, तिथला व्यवस्थापक, माझा सख्खा भाऊ. वहिनी अजून रोज डबा भरून देते. दुपारी कारखान्यावर जाऊन आलो. फाटकाला कुलूप. समोरचा चहावाला म्हणाला, बंद होऊन तीन महिने झाले.

नजरेवर पोट भरणारा मी — आणि भावाला पुतळा समजलो! वहिनी शनिवारचा अंक उघडते ती माझा फोटो बघायलाच. तिला हे असं कळायचं? तेव्हापासून घरात येरझारा.

शुक्रवार, ८ मार्च
फोटो मागे घेतला. कारण सांगितलं नाही. दुसरा फोटो नव्हताच. संपादक चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं “बरं” म्हणाले आणि राशिभविष्य मागवलं.

शनिवार, ९ मार्च
दादाचा फोन. “छापला का नाहीस?”
तो हल्ली त्याच दुकानात कामाला; बुधवारी सूट घालून काचेमागे उभा असताना त्याने दारातून माझा आवाज ओळखला होता. आधी लाजेने थिजला, म्हणाला. नाकावर माशी बसली तरी हलला नाही. मग वाटलं, बरंच झालं.
“तुझ्या वहिनीला तोंडाने सांगता येईना रे. म्हटलं, आज पेपरात बघेल.”