डाव्या कुशीवरची आई

तायपिंग, ४ मार्च १९९६

चि. बून तेक यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. तुझं साबाहला बरं चाललं असेल. इथलं मन मात्र थाऱ्यावर नाही.

काल वृद्धाश्रमात आईचं अंग पुसताना डाव्या कुल्ह्यावर जखम दिसली. आधी नुसता लाल डाग होता, आता कातडी गेली आहे. अंथरुणाला खिळलेलं माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की असं होतं, म्हणून त्याची कूस सारखी बदलावी लागते. इथे ती बदलतच नाहीत, असा माझा संशय आहे. मी सकाळी जावं, दुपारी जावं, आई आपली डाव्या कुशीवर, शेजारच्या खाटेवरच्या रोजाम्माकडे तोंड करून.

तिचं सगळं करणारी यानी म्हणून एक इंडोनेशियन बाई आहे. तिला विचारलं तर म्हणते, ताई, आत्ताच तर उजवीकडे वळवलं होतं. प्रत्येक वेळी आपलं आत्ताच! आणि आईला विचारावं तर ती कानाकडे बोट दाखवते. एरवी आपले ओठ बघून सगळं बरोबर ओळखते. हाच प्रश्न तेवढा बरा कळत नाही!

पत्र लवकर टाक.
तुझी ताई,
स्वी किम

सांदाकान, साबाह, १५ मार्च १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि हातातला घास खाली ठेवला.

लहानपणी कढईतला मासा कमी झाला की तू आधी माझं तोंड हुंगायचीस. तेच नाक आता वापर. सांगून भेटायला जाऊ नकोस. तिथल्या मेट्रनबाई हल्ली तुला आग्रहाने कॉफी पाजतात, असं तुझ्या आधीच्या एका पत्रात होतं. का बरं? एवढ्या वेळात आत काय उरकून घेतात? आणि आई घाबरून तर गप्प नाही ना? तिच्या दंडांवर वळ आहेत का, तेही बघ. यानीवर माझा काडीचा विश्वास नाही. सरळ तक्रार कर. भीड धरू नकोस.

लोभ आहेच, रागावून कमी करू नकोस.
तुझा,
बून तेक

तायपिंग, २८ एप्रिल १९९६

चि. बून तेक यास,
आशीर्वाद. वि. वि. उशीर झाला, कारण काय लिहावं तेच सुचत नव्हतं.

तुझ्या सांगण्यावरून तक्रार केली. मेट्रनबाईंनी यानीला त्या खोलीतून काढलं, तिच्या देशी, मेदानला परत धाडायची भाषा सुरू झाली. दुसरी बाई आली. तरी आई डाव्याच कुशीवर! मग मी मागच्या व्हरांड्यात खिडकीआड उभी राहिले. नव्या बाईने आईला नीट उजवीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली, टाचा अधांतरी राहतील अशी पायांखाली दुसरी सरकवली आणि गेली. ती दाराबाहेर पडते न पडते तोच आईने मागे हात टाकून खाटेचा कठडा पकडला आणि धापा टाकत स्वतःला परत डावीकडे लोळवलं. रोजाम्मा काहीतरी सांगत होती. तिचे ओठ बघत आई खुदखुदून हसली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी आत जाऊन फाडफाड बोलले. आई शांतपणे म्हणाली, उजवीकडे भिंत आहे, भिंतीला ओठ असतात का? मग यानीला बोलणी का खाऊ दिलीस, म्हटलं, तर म्हणाली, खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला बांधून ठेवलं असतं. बून तेक, आपल्या आईला आपल्याबद्दल असं वाटतं!

मेट्रनबाईंकडे जाऊन तक्रार मागे घेतली. आता खाट भिंतीपासून ओढली आहे. आईला वळवलं की रोजाम्माची चाकांची खुर्चीही त्या बाजूला नेतात. ती कुरकुरते, की या म्हातारीपायी माझी रोज वरात निघते. पण जाते. जखम तळापासून भरते आहे. डॉक्टर म्हणतात, अजून बरेच आठवडे जातील.

यानी परत आली आहे. मी माफी मागितली. ती चादर सारखी करून म्हणाली, वळवायची वेळ झाली, खांद्याखाली हात घाला, ओढू नका, उचला. मी उचललं. आई किती हलकी झाली आहे रे! यानीला ते रोज कळत होतं. मला काल कळलं.

जमेल तेव्हा ये, आणि आलास की तूही हात लाव.
तुझी ताई,
स्वी किम